एका गुणाने हुकलेलं युरोव्हिजन क्लिफ रिचर्डच्या पथ्यावरच पडलं

जुनी तबकडी

मे महिना आला, युरोव्हिजनचा मोसम सुरू झाला की एक हळहळ हमखास कानावर येते : "बिचारा क्लिफ! एका गुणाने गेला हो!" ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा. देशागणिक एक गाणं, आणि गुण द्यायचे ते दुसऱ्यांच्या गाण्यांना, स्वतःच्या नाही. ६ एप्रिल १९६८ला ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. घरचं मैदान, निळा कोट, गळ्याशी झालरीझालरींचा शर्ट, आणि ब्रिटनचा गायक क्लिफ रिचर्ड याचं 'काँग्रॅच्युलेशन्स'. सट्टेबाजांपासून सगळ्यांनी त्याला आधीच जिंकवून टाकलेलं. निकाल लागला : स्पेनची मासिएल २९, क्लिफ २८.

माझं म्हणणं सरळ आहे. हरला तेच बरं झालं. जिंकला असता तर आज तो 'युरोव्हिजनवाला' म्हणून ओळखला गेला असता. आदल्या वर्षी व्हिएन्नात सँडी शॉ जिंकली, 'पपेट ऑन अ स्ट्रिंग' गाऊन. बिल मार्टिन आणि फिल कूल्टर या जोडीचं गाणं, म्हणजे 'काँग्रॅच्युलेशन्स' ज्यांनी केलं तेच. सँडीला ते गाणं मनापासून नावडायचं आणि तिने ते कधी लपवलंही नाही. पण लोक तिला पाहिलं की तेच मागत राहिले. मासिएलचं काय? स्पेनबाहेर तिचं दुसरं एखादं गाणं सांगा बघू.

क्लिफला मात्र फायदा तेवढा मिळाला, शिक्का बसला नाही. १९६५ नंतर ब्रिटनमध्ये त्याचं एकही गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं नव्हतं. बीटल्सनी त्याला कालबाह्य करून ठेवलं होतं. १९६६मध्ये त्याने आपण ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलोय असं जाहीर केलं, आता हा गाणं सोडून शाळेत धर्मशिक्षण देणार अशीही बोलवा होती. अशा वेळी हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, दहा लाखांवर खपलं, सगळ्या युरोपने त्याला एका रात्रीत पाहिलं. माणूस पुन्हा उभा राहिला. १९७३ला तो लक्झेंबर्गच्या युरोव्हिजनमध्ये परत गेला, तिसरा आला, तिथूनही काहीही न गमावता बाहेर पडला. पुढे १९७६ला 'डेव्हिल वूमन', १९७९ला 'वी डोन्ट टॉक एनीमोर'. विजेत्यांना एवढं आयुष्य मिळत नाही.

तिरकस

धागा वाचून करमणूक झाली. पथ्यावर पडलं म्हणता? अहो, त्या गाण्याने माणूसच संपला. उरला तो वाढदिवसाला बोलवायचा पाहुणा.

१९५८चं 'मूव्ह इट' ऐका. सतरा वर्षांचा पोरगा, सुरुवातीलाच ती गिटार, आवाजात मस्ती. ब्रिटिश रॉक-अँड-रोल खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं असं बीटल्सच्या जॉन लेननसारखा माणूस मानायचा. आणि दहा वर्षांनी हाच पोरगा झालरीचा शर्ट घालून, पाय उडवत, सोसायटीच्या गॅदरिंगला शोभेलसं गाणं म्हणतोय. हार-जीत सोडा. तिथे उभं राहणं हीच हार.

आता तुमचा 'पुन्हा उभा राहिला' हा दावा. १९६८च्या एप्रिलनंतर ब्रिटनमध्ये त्याचं पुढचं पहिल्या क्रमांकाचं गाणं कधी? १९७९. अकरा वर्षं! याला पुनरागमन म्हणतात? त्याला खरोखर वर काढलं ते ब्रूस वेल्चने. क्लिफच्या साथीला असायचा त्या शॅडोज बँडचा हा जुना गिटारवादक निर्माता म्हणून आला, 'आय'म निअर्ली फेमस' हा १९७६चा अल्बम त्याने उभा केला, 'डेव्हिल वूमन' त्यातलंच. 'वी डोन्ट टॉक एनीमोर'ची निर्मितीही त्याचीच, लिहिलं ॲलन टार्नीने. यात युरोव्हिजनचा संबंध शून्य. युरोव्हिजनने जे घालवलं ते मित्राने भरून काढलं, इतकंच.

माहीमकर

दोघेही १९६८वर अडून बसलात. क्लिफचं मवाळ होणं फार आधीचं आहे, युरोव्हिजनवर ते पाप कशाला?

'मूव्ह इट' हे मुळात तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं होतं. पुढची बाजू म्हणून निवडलं होतं 'स्कूलबॉय क्रश', एका अमेरिकन गाण्याची गुळगुळीत नक्कल. 'ओह बॉय!' हा टीव्ही कार्यक्रम करणाऱ्या जॅक गुडने मागची बाजू ऐकली आणि माझ्या कार्यक्रमात यायचं तर हेच गायचं म्हणून हट्ट धरला. तेव्हा कुठे पारडं फिरलं. म्हणजे पहिल्याच तबकडीला कंपनीला रॉकर नको होता, गोड मुलगा हवा होता. लगेच पुढच्या वर्षी 'लिव्हिंग डॉल'. ते मुळात जलद होतं, शॅडोजनी त्याची चाल संथ केली आणि ते पहिलं आलं. क्लिफचं पहिलंवहिलं पहिल्या क्रमांकाचं गाणं! १९६३ला 'समर हॉलिडे', लंडनची लाल डबलडेकर घेऊन युरोप फिरायला निघालेल्या शहाण्या मुलांचा सिनेमा. १९६८ला बिघडायला उरलंच काय होतं?

माझे एक मामा साठच्या दशकात माहीमला पोरांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्यांच्याकडे क्लिफला फारसा भाव नव्हता, भाव होता शॅडोजच्या हँक मार्व्हिनला. 'अपाची' जसंच्या तसं वाजवता आलं की बँडमध्ये प्रवेश. गायक कोणीही चालायचा. हँकच्या लाल गिटारचा फोटो मामांनी मासिकातून कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. तो अजून आहे, डिंकाने पिवळा पडलेला. क्लिफचा एकही फोटो नाही.

पंचनामा

गाणं चांगलं-वाईट यात मी पडत नाही. गुणांचं बघू.

तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. आजची बारा, दहा, आठ ही उतरंड १९७५पासूनची. १९६८ला प्रत्येक देशात दहा पंच आणि प्रत्येकाच्या हातात एकच मत. सतरा देश, म्हणजे एकूण १७० मतं. त्यात २९ विरुद्ध २८. मोजणीच्या शेवटाकडे जर्मनीच्या दहा पंचांपैकी सहांनी स्पेनला मत दिलं, दोघांनी क्लिफला, आणि तिथे स्पेन पुढे सरकला. त्या सहांतल्या एकाने जरी हात उलट फिरवला असता तरी क्लिफ २९, मासिएल २८!

गंमत अशी की जर्मनीत क्लिफ काही परका नव्हता. त्याच्या 'लकी लिप्स'ची जर्मन आवृत्ती त्याने स्वतः जर्मनमध्ये गायली होती आणि ती तिथे पहिल्या क्रमांकावर गेली होती. स्पेनसाठी तर १९६३ला बार्सिलोनात जाऊन स्पॅनिश गाण्यांचा अख्खा अल्बम केला होता, 'व्हेन इन स्पेन'. म्हणून 'युरोपने त्याला एका रात्रीत पाहिलं' हे धागाकर्त्यांचं वाक्य मला पटत नाही. युरोप त्याला आधीपासून ओळखत होता.

चहाटळ

स्पेनचा तेव्हाचा हुकूमशहा फ्रँको, त्याचं नाव अजून कुणी काढलं नाही? आश्चर्य आहे. सरळसरळ चोरी होती ती. २००८ला स्पॅनिश टीव्हीवरच माहितीपट आला. हुकूमशहाला देशाची प्रतिमा उजळायची होती, म्हणून सरकारी वाहिनीची माणसं युरोपभर फिरली, दुसऱ्या देशांचे कार्यक्रम विकत घ्यायची, गायकांना करार द्यायची आमिषं दाखवली आणि मतं गोळा केली. क्लिफ तर म्हणालाही होता की अधिकृतपणे कोणी येऊन 'तूच जिंकला होतास' असं सांगितलं तर फार बरं वाटेल.

पंचनामा

@चहाटळ, तो माहितीपट ज्या टीव्ही-निवेदकाच्या बोलण्यावर उभा होता त्या होसे मारिया इन्यिगोनेच नंतर सांगितलं की मी फक्त ऐकीव अफवा बोललो. मासिएल तर संतापलीच. कागद नाही, नाव नाही, रक्कम नाही. हुकूमशाही वाईट होती म्हणून प्रत्येक गोष्ट तिनेच केली असं होत नाही.

राजकारण होतं, पण ते दुसरीकडे. मासिएलचं ते जिंकलेलं गाणं, 'ला ला ला', आधी जोआन मानुएल सेर्रात हा गायक गाणार होता. त्याने कातालान या स्पेनमधल्याच प्रादेशिक भाषेत गाईन अशी अट घातली. फ्रँकोच्या स्पेनमध्ये कातालान? लगेच त्याला बाजूला सारलं आणि ऐनवेळी मासिएलला आणलं. हे सिद्ध झालेलं आहे आणि मतखरेदीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. एका गायकाला त्याच्या भाषेपायी गाणं सोडावं लागलं. त्याच्याबद्दल मात्र मे महिन्यात कोणी हळहळत नाही.

चहाटळ

बरं, पुरावा नाही म्हणा. पण ज्या गाण्यात 'ला' शिवाय दुसरं काही नाही ते जिंकलं याला तरी काय म्हणणार?

तिरकस

त्याच्या समोरच्या गाण्यात तरी काय होतं हो? एकाच कुळातली दोन गाणी. 'ला ला ला' निदान आव तरी आणत नाही.

शुभदा क्रॉयडनकर

इथे इंग्लंडात तीसेक वर्षं राहून एक पाहिलंय. क्लिफबद्दल इंग्रज लोक दोन सुरांत बोलतात. चारचौघांत चेष्टा : टेनिसवेडा, ब्रह्मचारी, नाताळ आला की गाणं घेऊन हजर. आणि घरात? माझ्या शेजारीण बाई सत्तरी ओलांडलेल्या, त्यांच्याकडे त्याची कॅलेंडरं दरवर्षी. १९९६ला विंबल्डनला पाऊस थांबेना तेव्हा तो प्रेक्षकांतून उठून सेंटर कोर्टवर गायला लागला, त्याचीही टिंगल झाली; पण त्या दिवशी तिथे बसलेले लोक भिजत गात होते हेही खरं.

तिरकस, तुमचा प्रतिसाद वाचताना इथले रेडिओवाले आठवले. १९९९ला 'द मिलेनियम प्रेयर' आलं. बायबलमधली प्रार्थना, 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर. त्याच्या जुन्या कंपनीने, ईएमआयने, ते काढायला नकार दिला. बऱ्याच रेडिओ केंद्रांनी वाजवलं नाही. त्याने छोट्या कंपनीकडून काढलं आणि ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मलाही ते गाणं आवडत नाही, स्पष्ट सांगते. पण पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद अशा पाचही दशकांत पहिल्या क्रमांकावर जाणारा माणूस 'संपला' कसा? 'काँग्रॅच्युलेशन्स' काढलं तर साठच्या दशकाचं त्याचं खातं १९६५ला बंद होतं, एवढंच.

आणि अमेरिका? तिथे तो कधी एल्व्हिस झाला नाही याचं इथे अजून नवल करतात. 'डेव्हिल वूमन' तिथे सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे येशूचं नाव घेणाऱ्या या सद्गृहस्थाला अमेरिकेने उचलून धरलं ते चेटकिणीच्या गाण्यासाठी.

गोमतीकाठ

सगळं बोललात, पण तो आपला माणूस आहे हे कुणी लिहिलंच नाही. जन्म लखनऊ, १४ ऑक्टोबर १९४०, नाव हॅरी रॉजर वेब. वडील रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या कंपनीत. काही वर्षं हावडा. १९४८ला मुंबईहून 'रांची' बोटीने इंग्लंडला गेले. लखनऊच्या पोराने इंग्लंडला रॉक-अँड-रोल शिकवलं! नंतर राणीने 'सर' केलं. याचा अभिमान आपल्याला का नाही?

माहीमकर

अभिमान बाळगा, कोण अडवतंय. पण त्या पोराला विचारा. शाळेत त्याला 'इंडियन' म्हणून चिडवायचे, एकाच खोलीत सगळं कुटुंब दाटीवाटीने राहायचं. त्याने ते मागे टाकण्यासाठी आयुष्य घातलं. आपण त्याच्या वाट्याला काही दिलं नाही, आता हिस्सा मागायचा?

शिवाय एकटा तोच नाही. एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासचा, १९३६चा जन्म, मूळ नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी. त्यालाही ब्रिटनने युरोव्हिजनला पाठवलं, तेही २०१२ला, वयाच्या ७६व्या वर्षी, बाकूला. सगळ्यांत आधी गाणं लागलं, बारा गुण मिळाले, सव्वीसांत पंचविसावा. ज्याच्या 'रिलीज मी'ने १९६७ला बीटल्सना पहिल्या क्रमांकापासून रोखून धरलं होतं त्याची ही गत. हिंदुस्थानात जन्मलेल्यांना युरोव्हिजन लाभत नाही असा एखादा सिद्धांत काढता येईल, धागाकर्त्यांच्या सिद्धांताइतकाच मजबूत.

जुनी तबकडी

माहीमकर, टोमणा पोचला. पण एंगलबर्टचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो गेला तेव्हा त्याची कारकीर्द झालेली होती, मिळवायचं काही नव्हतं. क्लिफ गेला सत्ताविसाव्या वर्षी, आणि नेमका तळाला असताना. औषध कधी घेतलं यालाही महत्त्व असतं की नाही?

तिरकस, अकरा वर्षांचा हिशेब कबूल. पण त्या अकरा वर्षांत तो टीव्हीवर होता, युरोपभर दौरे करत होता, तबकड्या काढत होता. तेवढं नाव राहिलं म्हणून तर १९७६ला ब्रूस वेल्चला आणि कंपनीला त्याच्यावर पुन्हा पैसे लावावेसे वाटले. साठच्या दशकाच्या आरंभीचे त्याचे कितीतरी समकालीन तोवर विस्मरणात गेले होते.

मिरजेची मिरची

मग स्वीडनच्या ॲबा बँडचं काय? १९७४, ब्रायटन, 'वॉटर्लू', पहिला क्रमांक. त्यांना कुठला शिक्का बसला? 'विजेत्यांना आयुष्य मिळत नाही' म्हणे!

जुनी तबकडी

वाटच पाहत होतो! ॲबालाही शिक्का बसलाच होता. 'वॉटर्लू'नंतर ब्रिटनमध्ये वर्षभराहून जास्त काळ त्यांना कोणी धड विचारत नव्हतं. एका गाण्याचे पाहुणे म्हणून मोडीत काढले होते. १९७५ला 'एसओएस' आलं तेव्हा गाडी रुळावर आली. चौघंही असामान्य होते म्हणून तरले.

आणखी एक. १९७३ला हेच चौघे 'रिंग रिंग' घेऊन स्वीडनच्या निवड फेरीत उतरले आणि तिसरे आले, म्हणून लक्झेंबर्गला गेलेच नाहीत. त्या वर्षी लक्झेंबर्गला तिसरा कोण? क्लिफ. हरून पुढे गेलेले दोघे एकाच वर्षातले.

मिरजेची मिरची

ॲबा हरून पुढे गेले आणि मग जिंकून जगभर पोचले, हे सोयीस्करपणे गाळलंत. वा!

पंचनामा

१९७३चं निघालंच आहे तर तेही बघू. प्रत्येक देशाचे दोन पंच, दोघांनी प्रत्येक गाण्याला एक ते पाच गुण द्यायचेच, म्हणून आकडे फुगले. लक्झेंबर्गची आन-मारी दाविद १२९, स्पेनचं मोसेदादेस १२५, क्लिफ १२३. पुन्हा स्पेन त्याच्या पुढे! आणि मोसेदादेसचं 'एरेस तू' हे त्या वर्षीचं सगळ्यांत टिकाऊ गाणं ठरलं, अमेरिकेतसुद्धा गाजलं. म्हणजे दुसऱ्या क्रमांकालाच नशीब असतं असं म्हणायचं तर तो मान मोसेदादेसला जातो. क्लिफचं 'पॉवर टू ऑल अवर फ्रेंड्स' आज किती जण गुणगुणतात?

शुभदा क्रॉयडनकर

माझी शेजारीण गुणगुणते. नाचते पण तशीच, गुडघे दुखत असून.

तिरकस

धागाकर्ते, ॲबातून सुटलात, आता ब्रिटनच्याच गायिका लुलूतून सुटून दाखवा. १९६९, माद्रिद, 'बूम बँग-अ-बँग'. याहून पोरकट गाणं ब्रिटनने पाठवलं नसेल. तरी जिंकली. आणि मग? १९७४ला बाँडपटाचं शीर्षकगीत तिचं. १९९३ला टेक दॅट या बँडबरोबर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. १९६४ला 'शाउट' गाणारा तो घोगरा आवाज विजेतेपदाने तसूभरही हलला नाही. तिच्यावर कुठला शिक्का दिसतो? क्लिफचं मवाळपण क्लिफचंच, माहीमकर म्हणतात तसं. हरण्या-जिंकण्याने काही बदललं नाही.

जुनी तबकडी

१९६९ला चार देशांचे प्रत्येकी १८ गुण झाले होते. स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स. बरोबरी कशी फोडायची याचा नियमच नव्हता, म्हणून चौघंही विजेते. लुलू एक चतुर्थांश जिंकली. माझा सिद्धांत तीन चतुर्थांश शाबूत आहे.

तिरकस

आणि त्या चारांत पुन्हा स्पेन आहे, हे चहाटळांना कोणी कळवू नका.